सुगंधाची मुदत ठेव

दोन निरनिराळी अत्तरे एकाच वेळी दोन मनगटांना लावून पाहावीत. एकाचा सुवास अर्ध्या तासात विरून जातो. दुसऱ्याचा मंद गंध दुसऱ्या दिवशी सकाळीही सदऱ्याच्या बाहीला येत राहतो. दोन्हींत गुलाब असेल, मोगरा असेल, तरीही हा फरक पडतो. तो बहुधा फुलांचा नसून, फुलांच्या खाली बसवलेल्या द्रव्यांचा असतो. लिंबू, संत्रे, कोवळी पाने यांचे सुगंधी घटक म्हणजे चालू खात्यातील रक्कम. आली तशी गेली. ऊद, धूप, हिराबोळ, गुग्गुळ ही त्या सुगंधाची मुदत ठेव होय. या ठेवीचे शास्त्र आणि तिच्यावर आज आलेले संकट, दोन्ही व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगी आहेत.

प्रथम डिंक आणि राळ यांतील भेद पाहू. हिवाळ्यात लाडवांत घालतो तो बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक हा शर्करावर्गीय पदार्थ आहे. तो पाण्यात विरघळतो आणि त्याला स्वतःचा असा वास नसतो. राळ याच्या उलट. ती पाण्यात विरघळत नाही, परंतु मद्यार्कात विरघळते आणि तापवली की दरवळते. शालवृक्षाची राळ किंवा ऊद ही या वर्गातील. धूप, हिराबोळ आणि गुग्गुळ मात्र मिश्र प्रकृतीचे आहेत. त्यांत डिंक, राळ आणि उडून जाणारे तेल असे तिन्ही अंश असतात. म्हणूनच हिराबोळाचा खडा पाण्यात घोटला की दुधासारखे गढूळ मिश्रण होते. डिंकाचा अंश विरघळतो आणि राळेचे सूक्ष्म कण त्यात तरंगत राहतात.

वृक्ष ही द्रव्ये आपल्यासाठी निर्माण करीत नाही. साल दुखावली की कीड व बुरशी यांच्यापासून बचाव करण्यासाठी तो त्या जखमेवर हा लेप घालतो. ओमानमधील धोफार प्रांतात धुपाच्या झाडाची साल एका खास हत्याराने पातळ तासतात. पाझरलेला चीक दोनेक आठवड्यांत वाळून त्याचे खडे बनतात. पहिल्या खेपेचा माल हलका समजला जातो. नंतरच्या खेपांना चांगला भाव येतो. आपल्याकडे सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलांत वाढणारी सालई ही त्याच कुळातील बहीण. आयुर्वेद तिला शल्लकी म्हणतो.

आता रसायनशास्त्र. धुपातील ताजा, किंचित पाइनसारखा वास देणारे अल्फा-पायनिन हे दहा कार्बन-अणूंचे हलके द्रव्य असून ते सुमारे १५५ अंश सेल्सिअसला उकळते. हिराबोळाचा कडसर, उबदार गंध पंधरा कार्बन-अणूंच्या फ्युरॅनयुक्त द्रव्यांमुळे येतो. उदात असलेले व्हॅनिलिन २८५ अंशांच्या आसपास उकळते. रेणू जितका जड, तितका तो सावकाश उडतो. शिवाय राळेतील जड, चिकट घटक त्वचेवर पातळ थर धरून राहतात आणि हलक्या घटकांनाही सहजी सोडत नाहीत. अत्तराचे आयुष्य वाढते ते या दोन कारणांनी.

पूर्वी हेच काम कस्तुरी, जव्वादी मांजराचा स्राव आणि देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा अंबर यांच्याकडून करून घेतले जाई. कस्तुरीसाठी मृगाचा जीव जात असे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षण दिले. आज भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील सिस्टस झुडपाची लॅब्डॅनम ही राळ, उदासारखी द्रव्ये आणि क्लेरी सेज या वनस्पतीतील स्क्लेरिऑलपासून बनवलेले ॲम्ब्रॉक्साइड यांच्या आधारे प्राणिज द्रव्याच्या थेंबाविना तसाच खोल गंध उभा करता येतो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. लाख दिसायला राळेसारखी असली तरी ती कीटकांचा स्राव आहे. ऊद, धूप व गुग्गुळ हे निव्वळ वृक्षाचे. दोन्ही वस्तू एकाच गल्लीत विकल्या जात असल्या तरी हा फरक विसरू नये.

उदाच्या नावाची कथा मोठी रंजक आहे. अरब व्यापारी धुपाला 'लुबान' म्हणत. आग्नेय आशियातून येणाऱ्या उदाला त्यांनी 'लुबान जावी', म्हणजे जावाचा धूप, असे नाव दिले. युरोपीय भाषांत त्यातील पहिले अक्षर गळाले आणि शेवटी 'बेन्झॉइन' हा शब्द तयार झाला. उदाचे खडे तापवून मिळणाऱ्या पांढऱ्या स्फटिकांना बेन्झॉइक आम्ल असे नाव पडले. १८३३ मध्ये जर्मन रसायनज्ञ मिट्शर्लिख यांनी त्या आम्लापासून एक द्रव मिळवला आणि त्याचे नामकरण याच शब्दावरून केले. तेच आजचे बेन्झीन. लोणची-सरबतांच्या बाटलीवर परिरक्षक म्हणून लिहिलेले सोडियम बेन्झोएट हेही त्याच घराण्यातले. एका धूपद्रव्याच्या नावावर अवघ्या सेंद्रिय रसायनशास्त्राचा एक विभाग उभा आहे.

व्यापाराचा वारसाही तितकाच जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात गुग्गुळाचा उल्लेख आहे. त्याच बंदरात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, येथून माल जात असे. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या वखारींत हा गंध दोन हजार वर्षांपूर्वीही होता.

आजच्या बाजारात मात्र खरेदी करताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तेल की अर्क? वाफेच्या ऊर्ध्वपातनाने केवळ हलके घटक वर येतात. मद्यार्कासारख्या द्रावकाने काढलेल्या अर्कात जड राळही येते. टिकाऊपणा हवा असेल तर अर्क घ्यावा. दुसरी गोष्ट, औषधी दावे. सांधेदुखीसाठी ज्यांचे नाव घेतले जाते ती बॉस्वेलिक आम्ले तीस कार्बन-अणूंच्या सांगाड्यावर उभी असून इतकी जड असतात की वाफेबरोबर येतच नाहीत. तेव्हा धुपाच्या ऊर्ध्वपातित तेलात ती भरपूर असल्याचे कोणी सांगितले, तर तो दावा मान्य करू नये. खुद्द धुपाला त्याचा 'देवळाचा' वास कशाने येतो हेही फ्रेंच संशोधकांनी २०१६ मध्ये उलगडले. अत्यल्प प्रमाणात असणारी दोन आम्ले त्याच्या मुळाशी असून त्यांना ऑलिबॅनिक आम्ले असे नाव देण्यात आले.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. कच्छ व राजस्थानच्या रुक्ष भूमीवरील गुग्गुळाचे झुडूप आज अतिसंकटग्रस्त वनस्पतींत गणले जाते. लवकर आणि जास्त चीक मिळावा म्हणून खोलवर घाव घातले जातात आणि अशी झाडे पुढे वाळून जातात. इथिओपिया, एरिट्रिया व सुदानमधील धुपाच्या झाडांविषयी २०१९ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत. बहुतेक ठिकाणी जुनी झाडे उभी आहेत, पण रोपे नाहीत. हे असेच चालू राहिले तर येत्या दोन दशकांत धुपाचे उत्पादन निम्म्यावर येईल. चराई, वणवे, कीड आणि अतिरिक्त चीक काढणे ही त्याची कारणे. सतत जखमा सोसणाऱ्या झाडांच्या बियांची उगवणशक्तीही घटते, असे पूर्वीच आढळले आहे.

हिशेबाची वही ठेवणाऱ्या माणसाला यातला अर्थ लगेच कळावा. हलक्या हाताने तासलेल्या सालीतून येणारा चीक हे व्याज आहे. बुंध्यावरील खोल घाव म्हणजे मुद्दलाला हात. आपल्या पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जो नियम पाळला, तोच येथे लागू आहे. वृक्षही एकेंद्रिय जीव आहे, हे तर आपण बालपणापासून ऐकत आलो.

यावर उपाय अवघड नाही. जो व्यापारी घाऊक माल घेतो, त्याने माल कोणत्या जंगलातला, कोणत्या पद्धतीने काढलेला आणि झाडांना मध्ये विश्रांतीचे वर्ष दिले जाते का, एवढे तीन प्रश्न पुरवठादाराला विचारावेत. मोठ्या ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचा परिणाम संग्राहकापर्यंत पोहोचतो. घरी धूप घालताना निखाऱ्यावर मूठभर टाकण्याऐवजी एखादा खडा मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून तापवावा. धूर कमी होतो, गंध अधिक स्वच्छ येतो आणि एका वेळचा माल चार वेळा पुरतो.