पित्त, वात आणि तीनशे हाडं

शाळेच्या पुस्तकात हाडं २०६, सुश्रुतसंहितेत ३०० आणि चरकसंहितेत ३६०. म्हणजे जुन्या वैद्यांनी शरीर आतून पाहिलंच नव्हतं, असं अनेक जण ठामपणे सांगतात. पण सुश्रुतात तर शवविच्छेदनाची रीतच दिली आहे. प्रेत मुंज गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायचं, वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचं, मग वाळ्याच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहत जायचं.

मग आकडे का जुळत नाहीत? चरकाने ३२ दात, त्यांच्या ३२ खोबण्या आणि २० नखंही हाडांतच धरली. २४ बरगड्यांसोबत त्यांच्या २४ खोबण्या आणि २४ उंचवटे वेगळे मोजले. एवढं वजा केलं की ३६० चे २२८ उरतात. सुश्रुत नखं सोडतो, पण दात आणि कूर्चा हाडांत घेतो. तरी हिशेब तंतोतंत बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये.

‘वात म्हणजे गॅस’ हा समज तर घरोघरी. ग्रंथांत वाताचे पाच प्रकार आहेत; श्वास, बोलणं, हालचाल, मलमूत्राचं विसर्जन ही सारी त्यांची कामं. म्हणून वात म्हणजेच मज्जासंस्था, असं काही उत्साही मंडळी सांगतात. तेही खरं नाही. वात, पित्त यांसारखे दोष म्हणजे शरीरातल्या कामांची वर्गवारी, अवयव नव्हेत. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत वात मोजता येत नाही.

सगळ्यात मोठा घोळ पित्ताचा. जळजळलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतं तेही पित्तच! जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे. गांधी उठतात त्या बहुधा त्वचेतल्या पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनमुळे. आमसुलाचं पाणी लावून बरं वाटेलही, पण त्याचा पित्ताशयाशी काही संबंध नाही. आणि यकृतातला पित्तरस तर आम्लाच्या उलट, अल्कधर्मी.

हा घोळ कधीकधी जिवावर बेततो. हृदयविकाराचा झटकाही छातीत जळजळल्यासारखा जाणवू शकतो. छातीत दाब, सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर ‘पित्त झालंय’ म्हणत घरी थांबू नका. १०८ ला फोन लावा आणि रुग्णालयात जाऊन आधी ईसीजी काढा.