हातचलाखी शिका, फसगत टाळा

सन १९९१ ची गोष्ट. दिवाळीला आठ दिवस राहिले होते आणि त्याच दिवशी कारखान्यात बोनस हातात पडला होता. शंभराच्या अठरा नोटा. बनियनच्या आतल्या खिशात घडी करून ठेवल्या होत्या. संध्याकाळी येरवड्याला घरी यायला बस पकडायची म्हणून एका स्टँडाबाहेर आलो, तर फुटपाथवर आठ-दहा माणसांचा घोळका दिसला. मध्ये एक पोरगेलासा इसम उकिडवा बसला होता. पुढे उलटे खोके, त्यावर वर्तमानपत्र आणि त्यावर तीन पत्ते. दोन काळे आणि एक बदामाची राणी.

तो राणी दाखवायचा, तिन्ही पत्ते पालथे टाकायचा, इकडचे तिकडे करायचा आणि म्हणायचा, "राणी कुठं? शंभर लावा, दोनशे घ्या." मी पाच मिनिटे नुसता पाहत उभा राहिलो. दर वेळी राणी कुठे आहे ते मला बरोबर कळत होते. शेजारच्या एकाने शंभर लावले आणि दोनशे नेले. मग तो पत्तेवाला कुणाशी तरी बोलायला वळला, तेव्हा दुसऱ्या एकाने राणीचा कोपरा हळूच दुमडला आणि मला डोळा मारला. आता तर आंधळ्यालाही राणी सापडली असती. मी शंभर लावले. दुमडलेला पत्ता उलटला, तर किलवरची नव्वी! गेलेले परत मिळवायला म्हणून दोनशे लावले, मग तीनशे. तेवढ्यात कुणीतरी "पोलीस, पोलीस" म्हणून ओरडले. खोके तिथेच राहिले, माणसे पांगली आणि माझे सहाशे रुपये त्यांच्याबरोबर गेले.

घरी आल्यावर बायकोला सांगितले, बोनस बाराशेच मिळाला. त्या दिवाळीत पोरांना नवे कपडे झाले, तिला लुगडे झाले नाही. खरी हकीकत तिला सांगायला मला चार वर्षे लागली. वाचकहो, एवढ्या वर्षांनी हे छापून सांगण्याचे कारण आहे. मागच्या महिन्यात माझा भाचा अशाच एका घोळक्यात वाकून पाहताना मला दिसला. मी त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढला. "मामा, राणी कुठंय ते मला दिसत होतं," असे तो म्हणाला. मलाही दिसतच होती!

तीन पत्त्यांची मेख

हा डाव काय आहे ते मला आमच्या कारखान्यातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने दाखवले. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनी दहा वेळा पत्ते टाकले. दहाही वेळा मी चुकलो. ते हसून म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे, म्हणूनच तू फसलास. डुलक्या घेणारा माणूस एखाद्या वेळी बरोबर सांगेल."

मेख अशी आहे. तिन्ही पत्ते मधोमध लांबीत थोडे वाकवलेले असतात, म्हणजे ते चटकन उचलता येतात. पत्तेवाल्याच्या डाव्या हातात एक पत्ता असतो. उजव्या हातात दोन असतात, एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून. खालचा पत्ता राणीचा. तो हात उचलून राणी सगळ्यांना दाखवतो आणि हात खाली आणत एक पत्ता सोडतो. आपण समजतो की खालचा, म्हणजे राणीचा, पत्ता पडला. पण त्याने सोडलेला असतो वरचा. हात फिरत असताना वरचा सुटला की खालचा, हे डोळ्याला कळत नाही. त्या क्षणापासून आपण चुकीच्या पत्त्यावर नजर ठेवतो आणि पुढे तो कितीही फिरवाफिरव करो, आपण इमानाने त्या चुकीच्या पत्त्याच्याच मागे जातो. अधूनमधून तो खरोखरच खालचा पत्ता सोडतो, म्हणून नुसते पाहणाऱ्याचा अंदाज बरोबर येत राहतो.

दुमडलेल्या कोपऱ्याची मेखही तशीच. कोपरा दुमडणारा त्याचाच माणूस. पत्ते उचलताना पत्तेवाला एका बोटाने राणीचा कोपरा सरळ करतो आणि दुसऱ्या पत्त्याचा दुमडतो. शंभराचे दोनशे नेणाराही त्याचाच आणि "पोलीस" म्हणून ओरडणाराही त्याचाच. त्या घोळक्यात बाहेरचा माणूस बहुधा एकच असतो, पैसे लावणारा. समजा, नशिबाने आपण बरोबर पत्त्यावर बोट ठेवले, तरी साथीदार दुसऱ्या पत्त्यावर दुप्पट रक्कम लावतो आणि पत्तेवाला म्हणतो, "जास्तीवाल्याचा डाव." थोडक्यात, हा जुगारही नव्हे. जुगारात कधीतरी जिंकता येते. इथे जिंकायला जागाच ठेवलेली नाही.

घरी करून पाहा

हातचलाखी कशी चालते हे नुसते ऐकून पटत नाही. ती स्वतःच्या हाताने करून पाहिली, म्हणजे डोळे उघडतात. म्हणून मुलाबाळांसह करता येईल असा एक सोपा प्रयोग देतो. त्याला निवडक चार पत्ते लागतात: बदाम सत्ती, बदाम अठ्ठी, चौकट सत्ती आणि चौकट अठ्ठी.

आधी कुणाला न दाखवता कॅट पालथा धरा. चौकट सत्ती सगळ्यात वर ठेवा आणि बदाम अठ्ठी सगळ्यात खाली. आता सगळ्यांसमोर कॅटमधून उरलेले दोन, म्हणजे बदाम सत्ती आणि चौकट अठ्ठी, बाहेर काढा. दोन-तीन सेकंद दाखवा आणि म्हणा, "दोन लाल पत्ते. एक सत्ती, एक अठ्ठी." बदाम आणि चौकट हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मग सर्वांदेखत दोन्ही पत्ते कॅटच्या मध्ये वेगवेगळ्या ठिकाणी खुपसा आणि कॅट नीट सारखा करा.

आता कॅट उजव्या हातात असा धरा, की अंगठा वरच्या पत्त्यावर आणि पहिली दोन बोटे खालच्या पत्त्यावर येतील. थोडे दाबून झटक्याने हात हलवा आणि कॅट डाव्या हातात किंवा पलंगावर फेका. मधले सगळे पत्ते सुटून जातील. वरचा पत्ता अंगठ्याला आणि खालचा बोटांना चिकटून हातात राहील. ते उलटून दाखवा: एक सत्ती, एक अठ्ठी, दोन्ही लाल. मध्ये खुपसलेले पत्ते हातात कसे आले, म्हणून घर थक्क होईल.

मधले पत्ते सुटतात, कारण गुळगुळीत पत्ते एकमेकांवरून सहज घसरतात. बोटांची पकड मात्र घट्ट असते. सुरुवातीला वीसच पत्ते घ्या. बोटे फार कोरडी असतील तर किंचित ओलसर करा. खाली चादर अंथरून पंधरा-वीस वेळा सराव केला, की हात बसतो. एकाच बैठकीत हा प्रयोग दोनदा करू नका. दुसऱ्या वेळी माणसे पत्त्यांची रंगपाने पाहतात आणि चोरी पकडली जाते.

आमच्या वस्तीत रविवारी जमणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग दाखवतो. तो संपला की विचारतो, "आधी कोणती सत्ती दाखवली होती?" बदाम सातचा डाव रोज मांडणारी पोरेसुद्धा छातीठोकपणे चुकीचे सांगतात. कारण मी त्यांना "लाल, सत्ती, अठ्ठी" एवढेच लक्षात ठेवायला सांगितलेले असते आणि मन तेवढेच ठेवते. मग मी चारही पत्ते समोर मांडतो आणि सगळी कृती पुन्हा सावकाश करून दाखवतो. पोरे आधी चिडतात, मग हसतात. मग प्रत्येकाला तो प्रयोग स्वतः करायचा असतो. ज्याने एकदा असे दुसऱ्याला चकवले, त्याला पुढे कुणी सहज चकवू शकत नाही.

जुनी गोष्ट

डावातली हातचलाखी काही आजची नाही. जातककथांमध्ये लित्त जातक म्हणून एक कथा आहे. त्यात बोधिसत्त्व फासे खेळणाऱ्याच्या रूपात येतात. त्यांच्यासोबत खेळणारा माणूस लबाड असतो. जिंकत असला की सरळ खेळायचा, हरू लागला की गुपचूप एक फासा तोंडात टाकायचा आणि फासा हरवला म्हणून डाव मोडायचा. ही लबाडी ओळखून बोधिसत्त्वांनी फाशांना विष लावून ते वाळवले. दुसऱ्या दिवशी लबाडाने सवयीप्रमाणे फासा गिळला आणि तो बेशुद्ध पडला. बोधिसत्त्वांनी त्याला औषध देऊन वांती करवली, तूप-मध देऊन वाचवले आणि पुन्हा असे न करण्याची समज दिली.

गृहस्थांच्या आचारधर्मासाठी प्रसिद्ध असलेल्या सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याबद्दल वैर निर्माण होते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातचा पैसा जातो. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. आणि बायकोचे पोषण करू शकणार नाही म्हणून त्याला कुणी मुलगी देत नाही. १९९१ च्या त्या संध्याकाळी सहापैकी किती माझ्या वाट्याला आले, ते मी मोजले आहेत.

जादूगार आणि ठग

म्हणून पत्तेच वाईट, असे म्हणणे बरोबर नाही. मुलांना मोठ्या आकड्यांची बेरीज आमच्या घरात पत्त्यांनीच शिकवली. हातचलाखी ही एक कला आहे आणि तिला पुण्यात मोठी परंपरा आहे. चाकणजवळच्या आंबेठाणला १९२४ मध्ये जन्मलेले जादूगार रघुवीर यांनी देशोदेशी प्रयोग केले आणि आपल्या भ्रमंतीवर 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या मुलाने आणि नातवाने ही कला चालू ठेवली. अशा प्रयोगाला माणूस तिकीट काढून जातो. आपल्याला चकवणार हे त्याला ठाऊक असते आणि तो हसत घरी येतो. जादूगार सांगून चकवतो, ठग न सांगता. बोटांची करामत दोघांची सारखीच असते.

तिसराही एक आहे. तो हीच करामत करतो आणि तिला दैवी शक्ती म्हणतो. रिकाम्या हातातून अंगारा काढणारा बाबा तीच हातचलाखी वापरतो. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी आणि शाळाशाळांतून हेच 'चमत्कार' आधी करून दाखवत आले आणि मग त्यामागची युक्ती सांगत आले. या कामाचे अध्वर्यू डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच पुलावर गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि लोकांना फसवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

गप्प बसू नका

हे सगळे धंदे एकाच गोष्टीवर चालतात. फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. मी चार वर्षे गप्प बसलो. तेवढ्या काळात त्या तीन पत्त्यांनी आणखी किती जणांचे पगार नेले असतील, कोण जाणे!

रस्त्यावर असा डाव दिसला तर थांबू नका, वाकून पाहू नका. दूर होऊन ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा. सार्वजनिक जागी जुगार खेळवणे १८८७ पासूनच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेली फसवणूक आणि बेकायदा जुगार यांना १ ते ७ वर्षांची कैद सांगितली आहे. घरातल्या तरुणांच्या मोबाइलवरही लक्ष असू द्या. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पण मोह कायद्याने मरत नाही. आणि पडद्यावरच्या पत्त्यांमागचा हात तर दिसतही नाही.

घरातले कुणी फसले, तर आधी त्याच्यावर ओरडू नका. त्याला बोलते करा. माझ्या बायकोने चार वर्षांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर शेजारणीच्या नवऱ्याचे चारशे वाचले असते." ते चारशेही त्याच स्टँडाबाहेर गेले होते, माझ्यानंतर दोन महिन्यांनी.

परवा भाच्याला घरी बोलावले आणि तीन पत्ते टाकून दाखवले. तो सात वेळा चुकला. आठव्या वेळी त्याने पत्त्यांकडे पाहिलेच नाही. माझ्या हाताकडे पाहत म्हणाला, "मामा, कुठंही बोट ठेवलं तरी पैसे तुमचेच. मी लावतच नाही." डाव तिथेच संपला. पत्ते त्याच्या हातात दिले आणि म्हटले, "आता तू शिक आणि चार पोरांना दाखव."