बिबट्या परत का येतो?

प्रवरेच्या पाण्यावर पिकणारा अकोले तालुका. ऊस, मका, भाजीपाला, मधूनमधून वस्त्या, आणि चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसं. चितळ-सांबर औषधालाही नाहीत. अशा १७९ चौरस किलोमीटरच्या शेतशिवारात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले. दिवसा गावकरी ज्या पायवाटांनी शेतावर जात, त्याच वाटांवर रात्री बिबटे फिरताना दिसले. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. तिच्यावरून मोजदाद झाली. १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी ४.८ प्रौढ बिबटे! जवळपास तितकीच तरसंही. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले आणि ‘बिबट्या जंगलातून वाट चुकून गावात येतो’ या समजुतीचा पायाच निखळला. तो वाट चुकलेला नव्हता. त्याचं घरच तिथे होतं.

मग तो खातो काय? याचं उत्तर विष्ठेत सापडतं. रानात फिरून ती गोळा करायची, धुवायची, वाळवायची आणि आत उरलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. केसाच्या पृष्ठभागावरच्या खवल्यांची ठेवण प्रत्येक प्राण्यात निराळी असते. अकोल्यातल्या बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावठी प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के! शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असूनही त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्क्यांच्या आसपास. कारण सरळ आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं मोकळं हिंडतं. उकिरडा कुत्र्याला पोसतो आणि कुत्रं बिबट्याला.

अत्रेयांचा या जनावराशी संबंध आला तो मात्र एका भीषण काळात. पती खगोलशास्त्रज्ञ, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे बिऱ्हाड नारायणगाव परिसरात. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवर हल्ले वाढले होते. लोक संतापले होते आणि वनखात्यापुढे पिंजऱ्याशिवाय दुसरा उपाय दिसत नव्हता. शंभरावर बिबटे पकडले गेले. काही कायमचे कोंडले, काही लांबच्या जंगलात सोडले. ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं!

अत्रेयांनी नोंदी तपासल्या तेव्हा चित्र उलटं निघालं. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. धरपकड आणि स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. अभ्यासातले २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूर नेऊन सोडले होते. सोडण्याआधी काहींच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली होती. पुढे यावल अभयारण्याच्या आसपास हल्ले झाले, तेव्हा तिथे पकडलेल्या बिबट्याची ओळख या चिपमुळेच पटली. तो जुन्नरहून आणलेला होता. पिंजऱ्यात धडपडून जखमी झालेलं, माणसांच्या गर्दीने बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं, तर ते घराची वाट धरणारच. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या बळकावतो. म्हणजे एका गावचं दुखणं दुसऱ्या गावाच्या माथी मारलं जातं, आणि पहिल्याचंही बरं होत नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ साली मानव-बिबट्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हा अनुभव उतरला. त्याच वर्षी मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती वनखातं, संशोधक आणि नागरिक यांनी एकत्र काम सुरू केलं: कचरा उचला, गर्दी पांगवा, बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा मागू नका. आजही जुन्नर-शिरूर पट्ट्यात एखादं लेकरू जातं तेव्हा पिंजऱ्याची मागणी होते. त्या घरापुढे उभं राहून आकडेवारी सांगणं सोपं नाही. पण पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या हल्ला करणाराच आहे का, हे तपासल्याशिवाय त्या गावाला खरा दिलासा कसा मिळणार?

आकड्यांनी न पटलेली गोष्ट ‘आजोबा’ने अनेकांना पटवली. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एका विहिरीत बिबट्या पडला. वयस्क आणि शांत, म्हणून नाव पडलं आजोबा. गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं, आणि तो पश्चिमेला निघाला. कसाऱ्याचा रेल्वेमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, वाटेतली गावं पार करत महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या वेशीवरच्या जंगलात पोचला. एवढ्या वाटचालीत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. पुढे सुजय डहाके यांनी २०१४ साली त्याच्यावर चित्रपट काढला. संशोधिकेची भूमिका ऊर्मिला मातोंडकर यांनी केली.

खरा आजोबा तोवर राहिला नव्हता. २०११च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. वनखात्याने त्याच्या कातडीखालची चिप वाचली, तेव्हा कळलं की हा तोच.