'जर'ची शर्त आणि 'तर'चा जामीन

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, रजा संपत आली असता मी गावाहून कचेरीस जो इंग्रजी अर्ज धाडला, त्यात 'आय वुड जॉइन ड्युटी ऑन मंडे' असे एक वाक्य होते, आणि ते लिहिताना 'विल'पेक्षा 'वुड' अधिक अदबीचे व वरिष्ठांच्या कानास अधिक रुचणारे असते अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आमचे हेडक्लार्क जुन्या वळणाचे गृहस्थ होते. त्यांनी 'वुड'भोवती लाल शाईने वर्तुळ काढले आणि समासात मराठीत दोनच शब्द लिहिले : 'जर काय?'

त्या दोन शब्दांचा पुरता उलगडा होण्यास मला काही वर्षे लागली. कोणत्याही पूर्वसंदर्भावाचून भविष्याविषयी उच्चारलेल्या 'वुड'च्या पाठीमागे एखादी शर्त दडलेली आहे असे इंग्रजी कान गृहीत धरतो. म्हणून माझ्या वाक्याचा त्याला लागणारा अर्थ 'सोमवारी मी रुजू होईन' असा नसून 'सोमवारी मी रुजू झालो असतो बरे, पण...' असा काहीसा लोंबकळता होता, आणि त्या 'पण'नंतर काय, हे विचारण्याचा हेडक्लार्कांना पुरा अधिकार होता. आपल्या देशातील इंग्रजी वृत्तपत्रे उद्याच्या उद्घाटनाची बातमी देताना मंत्रिमहोदय 'वुड इनॉगरेट' असे बेधडक छापतात, हा त्याच समजुतीचा छापील अवतार होय.

इंग्रजीतील या साहाय्यकारी क्रियापदांची, म्हणजे शाळेत ज्यांना आपण 'मोडल ऑक्झिलरीज' म्हणून घोकले त्या विल, शॅल, वुड, शुड, मे, माइट, कॅन, कुड आणि मस्ट यांची कुळकथा जाणल्यावाचून त्यांचा स्वभाव कळत नाही. आपल्या 'येईन', 'येशील', 'येईल' या रूपांत भविष्यकाळ प्रत्ययातच वसलेला असतो. इंग्रजी धातूला मात्र भविष्याचा असा प्रत्ययच नाही, आणि ही उणीव इंग्रजीने इतर क्रियापदांना कामास लावून भागवली. 'विल' हे प्राचीन इंग्रजीत इच्छा दर्शविणारे क्रियापद होते, आणि मृत्युपत्रास 'विल' म्हणतात ते त्यात मरणाऱ्याची इच्छा नमूद असते म्हणूनच. 'शॅल'चा मूळ अर्थ देणे लागणे, ऋणी असणे असा होता, आणि जर्मन भाषेत ऋण व अपराध या दोहोंना मिळून असलेला 'शुल्ड' हा शब्द याच घराण्यातला आहे. 'मे'च्या मुळाशी सामर्थ्य आहे, 'कॅन'च्या मुळाशी जाणणे आहे, आणि आज हुकमत गाजविणारा 'मस्ट' तर मुळात 'मुभा असणे' अशा अर्थाच्या एका क्रियापदाचे भूतकाळी रूप होता. तात्पर्य, इंग्रज जेव्हा उद्याविषयी बोलतो तेव्हा तो आपली इच्छा, आपले कर्ज, आपले बळ किंवा आपली विद्या यांपैकी काहीतरी तारण ठेवून बोलत असतो.

इच्छा आणि कर्ज यांच्यातील वाटणीचा तंटा इंग्रजांत पुष्कळ काळ चालला. अनंताचे चिन्ह गणितात आणणाऱ्या जॉन वॉलिस याने 1653 साली इंग्रजीचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले, त्यात प्रथमपुरुषी 'शॅल' व इतरत्र 'विल' हे केवळ भविष्य, आणि याच्या उलट झाले की वचन अथवा धमकी, असा दंडक घालून दिला. पुढे शालेय पुस्तकांनी तो वेदवाक्यासारखा पाठ करविला. पाण्यात पडलेला एक परदेशी गृहस्थ 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी' असे ओरडला, आणि हा आत्महत्येचा निर्धार आहे असे समजून काठावरच्या इंग्रजांनी त्याच्या इच्छेचा आदर केला, ही गोष्ट त्याच दंडकाच्या समर्थनार्थ रचलेली. 1906 साली फाउलर बंधूंनी 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात या एका वादाला कित्येक पाने दिली, आणि दक्षिण इंग्लंडात जन्म न घेतलेल्यास हे साधणे कठीण, अशी कबुलीही देऊन टाकली. आज व्यवहारात 'विल'नेच बहुतेक मुलूख जिंकला असून 'शॅल' कायद्याच्या गढीत उरला आहे. त्या गढीकडे आपल्याला पुढे जायचेच आहे.

आता 'इफ'कडे वळू. 'इफ इट विल रेन टुमॉरो' असे लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीवर मास्तरांची काट ठरलेली असते. पण तो बिचारा तसे का लिहितो, हे फारसे कोणी पाहत नाही. 'तू येशील तर मी येईन' हे शुद्ध मराठी त्याच्या कानात असते, आणि त्याचेच तो इमानाने रूपांतर करतो. वास्तविक त्याच मराठीत 'तू आलास तर मी येईन' ही त्याहून अधिक रुळलेली वाक्यरचना आहे, आणि ती पाहिली म्हणजे मौज वाटते, की उद्याच्या येण्याविषयी बोलताना आपण चक्क भूतकाळाचे रूप वापरतो. आपला हा 'आला' संस्कृतच्या भूतकालवाचक धातुसाधितावरून आलेला असल्यामुळे त्याचे लक्ष काळापेक्षा क्रिया पुरी होण्याकडे अधिक असते; 'आला तर' म्हणजे 'येणे पुरे झाले असे धरून चालले तर'. इंग्रज याच ठिकाणी वर्तमानकाळ वापरून 'इफ यू कम' म्हणतो. दोन्ही भाषांची रीत वेगळी, पण धोरण एकच : शर्त ही गृहीत धरावयाची वस्तू आहे, तिच्याविषयी भाकीत करावयाचे नसते, आणि म्हणून इच्छेचे किंवा ऋणाचे तारण तेथे लागत नाही.

नियम मात्र मास्तर समजतात तितका सरसकट नाही. 'इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हिम' हे निर्दोष इंग्रजी आहे, कारण तेथील 'विल' काळाचे नसून आपल्या मूळ अर्थाने, म्हणजे राजीखुशीच्या अर्थाने आलेले आहे : आपली थांबण्याची तयारी असेल तर. त्याचप्रमाणे 'इफ इट विल हेल्प, आय कॅन लेंड यू सम मनी' यातही 'विल' शोभते, कारण मदत होणे हे कर्ज देण्याच्या नंतर घडणारे असून कर्जाच्या परिणामाचा अंदाज हीच तेथे शर्त झाली आहे.

परंतु आपल्या लोकांची खरी गफलत 'इफ'च्या पोटवाक्यात होत नाही, ती होते 'तर'च्या प्रधान वाक्यात, आणि ती व्याकरणदृष्ट्या अचूक असल्यामुळे तिच्यावर लाल शाई कधीच फिरत नाही. पावसाळ्यात बोरघाटात दरड कोसळण्याची भीती असते अशा दिवशी पुण्याहून मुंबईस निघणारा मनुष्य 'इफ द ट्रेन इज लेट, आय विल मिस द मीटिंग' असे लिहितो तेव्हा गाडीस उशीर होण्याची हमी तो देत नाही, पण उशीर झाल्यास बैठक हुकणारच याचा मात्र तो पुरा जामीन राहतो. त्याच जागी 'मे मिस' म्हटले की जामीन अर्ध्यावर येतो. 'माइट मिस' म्हटले की तो केवळ शक्यतेचा उल्लेख उरतो. 'वी कुड मीट इन द इव्हिनिंग' म्हणजे संध्याकाळी भेटण्याची एक वाट मोकळी आहे एवढेच. 'वी कॅन मीट' म्हणजे ती सोय हाताशी आहे. 'यू शुड स्टार्ट विदाउट मी' हा सल्ला, आणि 'यू मस्ट स्टार्ट' हा तगादा. उशिराची शर्त सर्वत्र तीच, गाडी तीच. बदलते ती बोलणाऱ्याने पत्करलेली जोखीम. आपण मात्र सर्वत्र 'विल'चा शिक्का मारीत सुटतो, आणि मनात 'बघू, जमलं तर' असे असताना कागदावर हमीपत्र लिहून देतो.

याचे कारण आपल्या भाषेच्या श्रीमंतीतच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली निघाले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली. अशा व्याकरणांनी ज्याला विध्यर्थ म्हणून आपल्याला शिकविले तो 'आवे' हा एकच प्रत्यय 'वडिलांचे ऐकावे' यात कर्तव्य सांगतो, 'तो घरी पोचला असावा' यात तर्क सांगतो, आणि 'आता पाऊस यावा' यात इच्छा सांगतो. इंग्रजीला या तीन कामांसाठी तीन निरनिराळे नोकर ठेवावे लागतात. सरकारी फायलीवरील 'मान्यता देण्यात यावी' आणि त्याचा जोडीदार 'मे बी अप्रूव्हड' यांचे इतके सख्य जमले ते यामुळेच. उलट, 'शकेल' या आपल्या एका रूपात सामर्थ्य आणि भविष्य दोन्ही नांदतात, म्हणून मुले 'विल कॅन' लिहितात. इंग्रजीत ही दोन साहाय्यके एका म्यानात राहत नाहीत, तेथे 'विल बी एबल टु' असा वळसा घ्यावा लागतो.

उद्याची शर्त पुरी होण्याची आशाच फारशी नसेल तेव्हा इंग्रज मागे सरकतो आणि 'इफ इट रेन्ड टुमॉरो, वी वुड स्टे होम' असे भूतकाळाच्या वेषातले वाक्य बोलतो. 'टुमॉरो' आणि 'रेन्ड' यांची ही जोडी पाहून विद्यार्थी बावचळतात. पण भूतकाळाचे रूप येथे गतकाल सांगत नसून वास्तवापासूनचे अंतर सांगते, जसे आपणही 'उद्या सुट्टी असती तर आलो असतो' म्हणतोच. याहून नवलाची गोष्ट अशी की 'वुड' हे 'विल'चे भूतरूप, म्हणजे एका परीने भविष्याचाच भूतकाळ आहे, आणि नेमकी हीच घडण संस्कृतच्या संकेतार्थाची, म्हणजे लृङ् लकाराची आहे : 'भविष्यति' या भविष्याच्या अंगाला भूतकाळाचा 'अ' आणि भूतकाळाचाच प्रत्यय जोडला की 'अभविष्यत्' होते. क्रिया सिद्धीस न जाणे, ज्याला पाणिनी क्रियातिपत्ती म्हणतो, तिच्यासाठी हा लकार त्याने तिसऱ्या अध्यायात सांगितला आणि तो प्रथम भविष्याच्या संदर्भात सांगून लगेच पुढील सूत्रात भूतकाळाला लागू केला. आपल्या शाळांतून लृङ् केवळ गतगोष्टींच्या हळहळीसाठी शिकवला जातो, हे त्या आचार्यावर थोडे अन्यायाचेच आहे.

एकच एक 'इफ' किती भार पेलू शकतो हे पाहावयाचे असल्यास मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात 1865 साली जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगची 1910 साली प्रसिद्ध झालेली 'इफ' ही कविता काढावी. तिच्या बत्तीस ओळी म्हणजे जवळजवळ एकच वाक्य आहे. शर्तींमागून शर्ती 'कॅन'च्या पावलांनी येत राहतात आणि बाप मुलाला द्यायचे ते आश्वासन अगदी शेवटी 'विल'च्या संक्षिप्त रूपात देतो. तिच्या उपदेशाविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही, पण वाक्यरचनेला तोड नाही.

आणि आता कायद्याची गढी. आपल्या राज्यघटनेच्या 352व्या अनुच्छेदाचा मूळ पाठ 'इफ'नेच सुरू होतो : देशाच्या सुरक्षिततेस युद्ध, परचक्र अथवा अंतर्गत अशांतता यांमुळे गंभीर धोका आहे अशी राष्ट्रपतींची खात्री झाली तर ते तशी उद्घोषणा 'मे' या क्रियापदाने करू शकतात, म्हणजे त्यांना तो अधिकार आहे. 25 जून 1975 रोजी अंतर्गत अशांततेच्या आधारावर तो वापरला गेला. त्यानंतर 1978च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' काढून 'सशस्त्र बंड' हे शब्द घातलेच, पण त्याबरोबर एक नवे वाक्यही जोडले, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून राष्ट्रपती अशी उद्घोषणा 'शॅल नॉट' करणार. म्हणजे 'इफ'च्या पोटी असलेल्या 'मे'ला आळा घालण्यासाठी 'अनलेस'च्या पोटी 'शॅल नॉट' बसविण्यात आला. न्यायालयांनी प्रसंगी 'शॅल'चा अर्थ केवळ मार्गदर्शक आणि 'मे'चा अर्थ बंधनकारक असा लावल्याची उदाहरणे आहेत, हे मान्य. पण तसा अर्थ लावून घेण्यास वकील लागतो, आणि वकिलाची फी त्या 'मे'त धरलेली नसते.

तेव्हा पुण्या-मुंबईत घर भाड्याने घेणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. अकरा महिन्यांचा तो इंग्रजी करारनामा, ज्यात 'इफ'च्या जागी 'शुड द लायसेन्सी फेल' अशी उलटी वाक्येही भेटतील, सही करण्यापूर्वी एकदा पेन्सिल घेऊन वाचावा, आणि कोणता 'शॅल' कोणाच्या नावावर व कोणता 'मे' कोणाच्या नावावर लिहिला आहे, तेवढ्याच खुणा कराव्यात. बहुतेक 'शॅल' तुमचे आणि बहुतेक 'मे' घरमालकाचे निघतील.