पाते थरथरते, चक्कीही थरथरते

आपल्या वर्धा जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या रांगा नाहीत. त्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या माळावर आहेत. पण त्यांचे शास्त्र आपल्या गटाच्या पिठाच्या चक्कीलाही लागू आहे. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

झोका आठवा. त्याची लय साधून हलका धक्का देत राहिले तरी तो उंच जातो. यंत्राच्या प्रत्येक भागालाही अशी स्वतःची लय असते. मोठी पवनचक्की मिनिटाला साधारण १५ फेरे घेते. पाती तीन, म्हणजे मिनिटाला ४५ वेळा एकेक पाते खांबासमोरून जाते आणि खांबाला हिसका बसतो. खांबाची लयही तेवढीच असली तर तो झोक्यासारखा डोलत सुटेल. म्हणून त्याची उंची आणि जाडी अशी ठरवतात, की या लयी जुळू नयेत.

पात्याचेही हाल असतात. फेऱ्यागणिक ते स्वतःच्या वजनाने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वाकते. दिवसभर फिरले तर २१,६०० वेळा! तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा धोका.

मग थरथर जिरते कशी? रिकाम्या पितळी गुंडावर टिचकी मारा, तो घुमत राहतो. हात ठेवला की थांबतो. यालाच अवमंदन म्हणतात. पाते पुढे-मागे हलते तेव्हा हवाच असा हात ठेवते. काही खांबांत द्रवाची टाकी बसवतात. तिच्या लाटा डोलणे कमी करतात. तरीही थरथर वाढली, तर संवेदक यंत्र बंद करतो.

आपल्या चक्कीला सहसा असा संवेदक नसतो. तिथे आपले कानच राखणदार. आवाज बदलला, जमीन नेहमीपेक्षा जास्त हादरू लागली, तर पायाचा बोल्ट सैल झाला असेल, पट्टा किंवा दगड एका अंगाने झिजला असेल. सैल बोल्टाने हादरा वाढतो आणि हादऱ्याने बोल्ट आणखी सैल होतो. कर्जाचा हप्ता डोक्यावर असताना चक्की बंद ठेवणे जिवावर येते, पण दगड फुटला तर जिवावरच बेतेल. आधी मेन स्विच बंद करा. चालत्या पट्ट्याजवळ हात किंवा पदर नेऊ नका. मग मिस्त्रीला बोलवा.

पुढच्या बैठकीत एवढे ठरवा: दर आठवड्याला बोल्ट कोण तपासणार? तिचे नाव वहीत लिहा.