मुलांचे दुःख राक्षसाच्या रूपात येते तेव्हा

‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०१६) या चित्रपटातील कॉनर हा इंग्लंडमधला शाळकरी मुलगा. त्याच्या आईला कॅन्सर आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी झाडाचा एक राक्षस त्याला भेटायला येतो. कॉनर आजीच्या घरातील सामान फोडतो. शेवटी तो कबूल करतो, की हे सगळे एकदाचे संपावे असे त्याला वाटत होते. हाच अपराधीपणा त्याला पोखरत असतो.

दीर्घ आजारपणात असा विचार मोठ्यांच्याही मनात येतो. त्यामुळे प्रेम कमी ठरत नाही आणि विचाराने कोणी दगावत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा.

मुले दुःखात रडतातच असे नाही. चिडचिड, पोटदुखी, अंथरूण ओले करणे, सतत राक्षसांची चित्रे काढणे यातूनही दुःख दिसते. चित्र हिसकावू नका. ‘हा राक्षस काय करतोय?’ असे विचारा. मृत्यूनंतर ‘आई झोपली’ म्हणू नका. लहान मूल झोपायलाच घाबरू शकते.

झोप, जेवण, शाळा अनेक आठवडे बिघडलेली राहिली तर डॉक्टरांना भेटा. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर त्याच दिवशी.