सोंगाचे नियम, सोंगाची मोकळीक

काठीची होळी : सातपुड्यातील काठी हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या (स्थापना : 1 जुलै 1998) अक्कलकुवा तालुक्यात असून, पूर्वीच्या काठी संस्थानामुळे तेथील होळी ‘राजवाडी होळी’ म्हणून ओळखली जाते, उंच बांबू उभारून ती पहाटे पेटवली जाते.

ठरलेल्या भूमिका : बावा, बुध्या, मोरखी व काली ही या होळीतील परंपरेने चालत आलेली सोंगे होत. मोरपिसांचा टोप, अंगावरील पांढरी नक्षी, कमरेला बांधलेले सुके दुधी भोपळे आणि घुंगरू ही बुध्याच्या सोंगाची ओळख आहे.

पाळणूक : नवस म्हणून सोंग घेणारा पुरुष ठरावीक दिवस ब्रह्मचर्य पाळतो, जमिनीवर झोपतो आणि खाट वर्ज्य मानतो.

मोकळीक : सोंगाची मुख्य चिन्हे सामाईक असली, तरी अंगावरील ठिपके-रेषांची मांडणी व्यक्तीगणिक वेगळी असते.

ऑनलाइन भूमिकाखेळ : नियम व मोकळीक यांची अशीच सांगड येथेही दिसते. कल्पित जगातील पात्र खेळाडूने स्वतः वठवण्याच्या या प्रकारास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (1974) या बैठ्या खेळाची पार्श्वभूमी आहे, ‘मड’ (1978) या मजकुराधारित खेळाने एकाच जगात अनेक खेळाडू आणले, तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 मध्ये आला.

दोन संज्ञा : या खेळांत निर्मात्यांनी मान्य केलेला इतिहास, वंश व भूगोल म्हणजे ‘अधिकृत कथाविश्व’, खेळाडूने आपल्या पात्रासाठी रचलेला भूतकाळ व स्वभाव म्हणजे ‘वैयक्तिक कथा’.